वाकडी तबकडी

४ फेब्रुवारी

प्रिय मीटरमामा,

खुशाली तुझ्या ताईने फोनवर सांगितलीच असेल, म्हणून सरळ कामाचं लिहितो. फोनच का केला नाही म्हणशील. एक तर माझा डावा कान आता नावालाच उरला आहे. आणि दुसरं, मी फोनवर गाडीचा विषय काढला की ती हातातलं काम टाकून आतल्या खोलीत जाते. पत्र लिहिताना दिसलो तर तिला वाटतं, म्हातारा जुन्या गिऱ्हाइकांना उत्तरं देतोय.

गाडी तयार झाली. मिस्त्रीने इंजिन पुन्हा बांधलं. आठ महिने लावले, पण पोराचा मित्र होता, जीव ओतून केलं. लाल रंग तसाच आहे. तिला ओरखडासुद्धा आला नव्हता, हे तू पाहिलंच आहेस. इंजिन जाम झालं, पोराने गाडी नीट कडेला घेतली, मागच्या गाड्यांना इशारा म्हणून लाल त्रिकोण ठेवायला चालत गेला आणि मागून आलेल्या ट्रकने त्याला उडवलं. गाडी आपली उभी. आधी मला तिचं तोंड बघवत नव्हतं. आता ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे आणि सकाळी मी तिच्यावरची धूळ पुसतो. कोणाला सांगू नकोस.

आता मुद्दा. धाकटीला ती गाडी चालवायची आहे. भाऊ दर रविवारी शर्यतीच्या धावपट्टीवर वेळ लावून पळवायचा, तशीच. ताईने आकाशपाताळ एक केलं. मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर ती न सांगता गेली असती, तीही त्याचीच बहीण. पण अट घातली: गाडीत तिन्ही मीटर लागल्याशिवाय किल्ली मिळणार नाही.

तिन्ही म्हणजे त्याने मागवून ठेवलेले. तो गेल्यावर तीन आठवड्यांनी पार्सल दारात आलं, सही मी केली. तिघांचा एक संच: ऑइलचा दाब, ऑइलचं तापमान आणि टर्बोचा दाब. इतके दिवस खोकी कपाटावर होती. तू जन्मभर कारखान्यात मीटर तपासतोस, तेव्हा कोणता कुठे लावायचा आणि कसा, ते सविस्तर कळव.

त्याआधी त्याने एकच लावला होता, ऑइलच्या दाबाचा. जायच्या दीड महिना आधी. कंपनीचा लाल दिवा पेटतो तेव्हा सगळं संपलेलं असतं, म्हणायचा. तो मीटर मी रागाच्या भरात, तो ज्यात बसतो त्या प्लास्टिकच्या वाटीसकट उपटून काढला होता, बिस्किटाच्या डब्यात पडला आहे. काल उघडून पाहिला. वाकडा! पाचाचा आकडा डोक्यावर, शून्य पार तळाशी. धड सरळ बसवायचंसुद्धा जमलं नाही त्याला. यावरून काय ते समज. डोळ्यांसमोर काटा होता रे. दाब पडला की काटा पडणार, एवढंच त्याचं काम. एकदा पाहिलं असतं तर गाडी आदल्या दिवशीच घरी उभी राहिली असती. पाहिलं नाही. हे मी तेव्हा सगळ्यांदेखत बोललो, तूही होतास, आणि ताईने मला अजून माफ केलेलं नाही. पण खोटं काय बोललो?

माझ्या बाजूचं काम चोख होतं. इंजिनात बसतो तो दाब ओळखणारा सेन्सर मी स्वतः आवळला होता. पोरगा म्हणाला, बाबा, ऑइल गळायला नको. मी आट्यांवर पांढरी पट्टी दोन वेढे गुंडाळून दिला बसवून. दीड महिन्यात थेंब नाही. अडतीस वर्षं नळ जोडले, माझा जोड गळत नाही. तो जुना सेन्सर मिस्त्रीला सापडला नाही, भंगारात गेला असेल. नव्या मीटरबरोबर नवे आलेत, म्हणून अडलं नाही.

लवकर लिही. पोरगा गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी उठून निघून गेलास, तेव्हापासून तुझं एक अक्षर नाही.

तुझे भाऊजी


१३ फेब्रुवारी

ती. भाऊजी,

तुमचं अक्षर अजून पाइपलाइनच्या नकाशासारखंच आहे, वळणावळणावर बाण. तरी पाकीट हातात आल्यावर मी ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत फोडलं नाही. धीर झाला नाही.

निघून गेलो, ते चुकलं. त्याबद्दल आज एवढंच लिहितो.

धाकटी गाडी चालवणार हे वाचून भीती वाटली आणि बरंही वाटलं. आता मीटर. तिघांत मान एकाचाच, ऑइलच्या दाबाचा. तो काचेच्या कडेला जो खांब आहे त्यावर, सगळ्यांत वर, डोळ्यांच्या रेषेत. तापमान हळूहळू बदलतं, ते त्याच्या खाली चालेल. टर्बोचा काटा नाचरा असतो, सारखा वरखाली. त्याला समोर बसवलं की माणूस त्याचंच नाचणं बघत बसतो, म्हणून तो स्टीअरिंगच्या पलीकडे, जरा आडबाजूला. वाटी चिकटवण्याआधी धाकटीला सीटवर बसवा, हात स्टीअरिंगवर ठेवायला सांगा आणि मान न हलवता काय दिसतं ते विचारा. तुम्ही बसून ठरवू नका, तुम्ही तिच्याहून वीतभर उंच आहात.

वायरी न्यायला इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात आधीपासून रबरी बूच आहे, त्यातूनच न्या. नवं भोक पाडलं तर त्याच्या धारेवर वायर घासून कापली जाते. प्रत्येकाला वेगळा फ्यूज. टर्बोच्या मीटरला इंजिनाकडून बारीक रबरी नळी येते, ते तर तुमच्या घरचं काम.

आता वाकड्या तबकडीचं. भाऊजी, ती चुकून वाकडी नाही. ते मी त्याला शिकवलं होतं. वेगात असताना आकडे वाचायला सवड नसते. म्हणून इंजिन तापलं, गाडी नेहमीच्या चालीत असली, की काटा जिथे राहतो ती जागा बरोबर वर येईल अशी तबकडी फिरवून घट्ट करायची. मग आकडा वाचावा लागत नाही. काटा उभा म्हणजे सगळं ठीक, कलला म्हणजे थांबा. पळवणारे सगळे असंच करतात. त्यासाठी आधी कित्येक दिवस काटा कुठे राहतो ते बघावं लागतं. त्याने बघितलं होतं.

एक विनंती. ऑइलचा सेन्सर तेवढा तुम्ही लावू नका. बाकी सगळं करा, तो मी येऊन लावतो. मार्चमध्ये रजा मिळेल.

ताईला माझी आठवण सांगा.

तुमचा मेव्हणा


२१ फेब्रुवारी

मीटरमामा,

तुझं पत्र वाचलं आणि डबा घेऊन शेडमध्ये गेलो. वाटी खांबावर जुन्या जागी धरली आणि सीटवर बसलो. पाचाचा आकडा सरळ माझ्या नजरेत आला. म्हणजे तू म्हणतोस ते खरं आहे. मी त्याला बेफिकीर म्हणत होतो आणि तो तिथे बसून तबकडी फिरवत होता. धाकटीने चहा आणून ठेवला, तो गार झाला.

पण मग मला सांग, तू त्यातला माणूस आहेस. मिस्त्री म्हणतो, टाकीच्या तळाशी ऑइल ओढून घेणारी जाळी असते, ती इंजिनाचे सांधे बुजवायला लावतात त्या लुकणाच्या तुकड्यांनी बुजली होती. एका दिवसात बुजत नाही. निदान महिनाभर दाब कमी कमी होत गेला असणार. म्हणजे काटा महिनाभर खाली येत असणार. पोरगा बघत होता तर थांबला का नाही? बघितलं नाही म्हणून गेला, हे मी कसंबसं गिळलं होतं. बघून थांबला नाही म्हणजे काय? मुद्दाम? तसलं काही त्याच्या मनात होतं का? तुझ्याशी तो बोलायचा. आमच्याशी तो फक्त जेवताना बोलायचा.

तुला एक सांगतो, ताईलाही माहीत नाही. त्या दिवशी सकाळी तो फाटक उघडं टाकून निघाला. मी मागून ओरडलो, तुझं कशातच लक्ष नसतं, एक दिवस महागात पडेल. त्याने काच खाली करून हात हलवला. हे आमचं शेवटचं बोलणं. मला एवढंच कळायला हवं आहे की मी म्हटलं ते खरं होतं की नाही. बाकी काही नको.

आणि सेन्सर मी लावू नये म्हणजे काय? चार मजल्यांच्या इमारतींची पाण्याची लाइन मी एकट्याने उभी केली आहे. एक आटा आवळायला तू रजा काढून येणार? मला आता हात थरथरणारा म्हातारा समजायला लागलास का? रागावलो नाही. पण लागलं.

भाऊजी


२ मार्च

ती. भाऊजी,

तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही. कधीच नव्हती.

त्याच्या मनात तसलं काही नव्हतं. हे मी कशाचीही शपथ घेऊन सांगतो. तो विषय डोक्यातून काढून टाका. बाकी का आणि कसं, या सगळ्याची उत्तरं मिळतातच असं नाही.

रजा पुढे ढकलली गेली, कारखान्यात तपासणी आहे. म्हणून सोबत दुसऱ्या जातीचा मीटर पाठवतो आहे. याला वायर नाही, तांब्याच्या नळीतून ऑइल थेट मीटरपर्यंत येतं. जुन्या पद्धतीचा आहे, पण भरवशाचा. ऑइलसाठी हाच लावा. पोराने मागवलेला तसाच खोक्यात राहू दे. आणि मी येईपर्यंत धाकटीला गाडी फाटकाबाहेर नेऊ देऊ नका.

घाईत लिहिलं आहे.

तुमचा मेव्हणा


१२ मार्च

मीटरमामा,

तुझा तांब्याच्या नळीवाला मीटर परत पाठवला आहे, पोचला की कळव. चांगला असेल. पण पोराने जे निवडलं ते बाजूला ठेवून मामाने पाठवलेलं लावायचं, हे मला जमणार नाही. धाकटीही म्हणाली, दादाचेच लावा.

लावले! तिन्ही. धाकटीला सीटवर बसवून जागा ठरवल्या, तू सांगितलंस तसं. वायरी रबरी बुचातून नेल्या. तीन दिवस पाठ धरली होती, पण आता तिन्ही दिवे लागतात तेव्हा आत बसावंसं वाटतं. ताई शेडच्या दारापर्यंत आली. आत आली नाही. पण दारापर्यंत आली, दहा महिन्यांत पहिल्यांदा.

आणि सेन्सर या म्हाताऱ्यानेच लावला. या वेळी दोनऐवजी तीन वेढे पट्टी. वीस मिनिटं इंजिन चालवलं, खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, त्यावर डागसुद्धा नाही. काटा तर असा ताठ की बघत राहावं. इंजिन चांगलं तापलं तरी पाचाच्या खाली यायचं नाव नाही. मिस्त्री म्हणाला, जरा जास्तच दाखवतोय. मी म्हटलं, तुझं इंजिन आणि माझा जोड, कमी कशाला दाखवेल?

आता ऐक. तबकडी फिरवायला घेतली, काटा उभा राहावा म्हणून. फिरवत फिरवत पाचाचा आकडा वर आणला, आणि डब्यातला जुना मीटर शेजारी धरून बघितला. अगदी तेवढीच वाकडी! दोन्ही तबकड्या एकसारख्या. मला वाटलं पोरगा शेजारी बसून हसतोय.

२४ तारखेच्या रविवारी धाकटी धावपट्टीवर नेणार आहे. मी बरोबर जाईन. तू येतोस का?

भाऊजी


१९ मार्च

ती. भाऊजी,

हे पत्र बसून वाचा. ताईला आत्ताच फोन केला आणि गाडीची किल्ली लपवून ठेवायला सांगितलं. कारण सांगितलं नाही. ते तुम्हाला सांगायचं आहे, आणि ते मी दहा महिने टाळलं.

त्या सेन्सरला एकच वायर असते. विजेला परत जायला दुसरी वाट लागते, ती त्याच्या आट्यांतून. आट्यांचा धातू इंजिनाच्या धातूला भिडला की वाट पुरी होते. पट्टी गुंडाळली की मधे पडदा येतो. वाट अडते, आणि हा मीटर अशा जातीचा आहे की वाट अडली की काटा वर चढतो. दाब कमी असला तरी काटा जास्त दाखवतो. पाण्याच्या नळाला पट्टी हवीच. इथे ती लावायची नसते. हे तुम्हाला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मला माहीत होतं.

तुम्ही लिहिलंत, काटा पाचाच्या खाली येत नाही, तबकडी तेवढीच वाकडी करावी लागली. ते वाचून मी टेबलावरून उठलो आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

भाऊजी, तो बघत होता. रोज बघत होता. काटा त्याला उभा दिसत होता. शेवटच्या दिवशीही उभाच दिसत असणार.

तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीच्या आवारात गाडी बघायला गेलो होतो. बॉनेट उघडं होतं. सेन्सरच्या मानेशी पांढरी कड दिसली. पाना घेतला, सेन्सर काढला आणि खिशात घातला. घरी परत आलो तेव्हा तुम्ही लोकांना सांगत होतात की त्याने काट्याकडे पाहिलं नाही. मला दोन वाक्यं बोलायची होती. मी बॅग उचलली आणि बस पकडली.

कारखान्यात त्याला टेबलावर लावून बघितलं. दीडचा दाब दिला, तरी काटा पाचावर. पट्टी सरकवून परत लावला, काटा दीडवर. पाच वेळा केलं. तोच सेन्सर कापसात गुंडाळून सोबत पाठवतो आहे. पट्टी होती तशी परत बसवली आहे, तुमची आहे.

आता माझा वाटा. तुम्हाला वाचवायला मी गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. मीटर कसा लावायचा ते त्याने मला फोनवर विचारलं होतं. मी सगळं सांगितलं, घट्ट आवळ म्हणालो, पट्टी लावू नकोस म्हणायचं राहिलं. त्यालाही नंतर शंका आली. जायच्या पाच दिवस आधी, मंगळवारी, मी जेवत असताना त्याचा फोन आला. मामा, इंजिन तापलं तरी काटा खाली येत नाही, पुस्तकात लिहिलंय यायला हवा. सेन्सर काढून बघू का? तोंडात घास होता माझ्या. मी म्हटलं, इंजिन ठणठणीत मिळालं तर त्यातही खोट काढतोस? पळव बिनधास्त. तो हसला. म्हणाला, मीटरमामा म्हणतात म्हणजे झालं.

लोकांचे मीटर खरं बोलतात की नाही हे बघायचा मी पगार घेतो. माझ्या भाच्याने मला नेमकं तेच विचारलं, आणि मी घास गिळून थट्टा केली.

मी तुम्हाला यायला सांगत नाही, लिहायलाही सांगत नाही. फक्त तो सेन्सर काढा, आटे पुसून कोरडे करा आणि तसाच बसवा. धाकटीसाठी.

तुमचा


३० मार्च

बाळ्या,

तू यांना काय लिहिलंस? मला दाखवत नाहीत. पत्र सदऱ्याच्या खिशात असतं, सदरा बदलला की पत्र नव्या सदऱ्याच्या खिशात जातं. किल्ली मी तांदळाच्या डब्यात ठेवली आहे. धाकटी विचारते, मी सांगते, मामाला विचार.

मला यांची काळजी वाटते. शेजारच्या घरातला गळका नळ ऐकून जो माणूस पाना घेऊन उठायचा, त्याने परवा स्वयंपाकघरातल्या नळाचा जोड स्वतः उघडला, पट्टी काढून टाकली आणि तसाच परत लावला. आता तो थेंब थेंब गळतो. खाली पातेलं ठेवलंय. हे समोर स्टुलावर बसतात आणि बघतात. मी म्हटलं, अहो, नीट करा ना. म्हणाले, माझ्या हाताला आता काही नीट करायला सांगू नकोस.

मी त्यांच्याशी दहा महिने नीट बोलले नाही, हे खरं आहे. गेलेल्या मुलाला त्यांनी चारचौघांत बेफिकीर म्हटलं. पण हे बघून माझा राग कुठच्या कुठे गेला. काय झालं आहे ते तू तरी सांग. लहानपणी काच फोडून माझ्यामागे लपायचास, तसा आता लपू नकोस.

ताई


१९ मे

मीटरमामा,

दोन महिने लागले लिहायला. ताईच्या पत्राला तू उत्तर दिलंस, ‘त्यांनाच सांगू दे’, ते बरं केलंस.

पत्र वाचलं त्या दिवशी तुला खूप बोललो. शेडमध्ये, मोठ्याने. तू दहा महिने तो सेन्सर खिशात घेऊन बसलास आणि मी इथे पोराला दोष देत बसलो, तो राग खरा आहे आणि अजून पुरता गेलेला नाही. तुझ्या वाट्याचं तू बघ. मी तुला त्यातून सोडवू शकत नाही, माझंच मला सुटत नाही.

मग कापूस उलगडला. मला वाटलं होतं, कोणाचीही पट्टी असेल, मिस्त्रीने नंतर लावली असेल, तुझी काही गफलत असेल. पण वेढ्याचं शेवटचं टोक अंगठ्याने दाबून आत वळवलेलं होतं. अडतीस वर्षं मी ते तसंच वळवतो. दुसरं कोणी वळवत नाही.

बरेच दिवस काही सुचलं नाही. मग एका सकाळी ताई चहा गाळत होती, तिथेच उभं राहून सगळं सांगितलं. फाटकाचंही सांगितलं. मला वाटलं चहाचं भांडं अंगावर येणार. तिने गाळणी खाली ठेवली. म्हणाली, “म्हणजे तो बघत होता.” मी म्हटलं, हो. तिने परत विचारलं, “रोज?” मी म्हटलं, रोज. मग ती रडली. दहा महिने ती आतल्या खोलीत रडायची, या वेळी माझ्या खांद्याला डोकं लावून रडली. माझ्या पट्टीबद्दल एक शब्द बोलली नाही. मी म्हटलं, मला काहीतरी बोल. म्हणाली, तुम्ही थेंब गळू नये म्हणून लावली होती ना.

तू मला वाचवायला गप्प राहिलास म्हणतोस. अर्धं का होईना. तर ऐक. तू तेव्हाच समोर येऊन विचारलं असतंस, भाऊजी, दोन्हींतलं एक घ्या, पोरगा बेफिकीर होता की तुमचा हात चुकला, तर मी उभ्या उभ्या माझा हात घेतला असता. बापाला असं विचारावंही लागत नाही. एवढं तुला कळायला हवं होतं.

स्वयंपाकघरातला नळ नीट केला.

सेन्सर काढला, आटे फडक्याने पुसून कोरडे केले, तसाच बसवला. इंजिन सुरू केलं. गार असताना काटा चढला आणि मग, इंजिन तापलं तसा, हळूहळू खाली आला. मी बघत होतो. आयुष्यात कुठला काटा खाली येताना बघून मला असं रडू आलं नव्हतं. मिस्त्रीने शेजारी बसून रस्त्यावर चक्कर मारायला लावली. नेहमीच्या चालीत काटा साडेतीनवर राहिला. काटा उभा राहावा म्हणून मार्चमध्ये वाकडी केलेली तबकडी परत फिरवत गेलो, तर ती मूळच्या जागी सरळ येऊन थांबली. शून्य ते सातच्या तबकडीत साडेतीन मधलाच आकडा. नवा मीटर सरळ बसला, भिंतीवरच्या घड्याळासारखा. म्हणजे जुनी जेवढी वाकडी आहे तेवढी माझी पट्टी खोटं बोलली. मोजून घेतलं मी. साडेतीन आणि पाच यांच्यामधल्या फटीत माझी करंगळी बसते.

सेन्सरच्या मुळाशी ऑइल जरासं पाझरतं. मिस्त्री म्हणतो आणखी थोडं आवळलं की थांबेल. आवळीन.

गेल्या रविवारी धाकटी धावपट्टीवर गेली. मी आणि ताई कठड्यापाशी उभे होतो. तिसऱ्या फेरीला तिने गाडी कडेला घेतली आणि उतरली. मी कठड्यावरून पाय टाकला. ती पळत आली आणि म्हणाली, “बाबा, काटा थोडा कलल्यासारखा वाटला, म्हणून थांबले.” मिस्त्रीने पाहिलं, काही नव्हतं, ऑइल जरा जास्त तापलं होतं इतकंच. ती शरमली, उगाच थांबले म्हणाली. ताईने तिला जवळ घेतलं. मी म्हटलं, थांबत जा. शंभर वेळा उगाच थांब.

तू ये. काही बघायला, लावायला नको. नुसता ये, आणि या वेळी दुसऱ्या दिवशी पळू नकोस. ताईने तुझी खोली झाडून ठेवली आहे.

जुना मीटर मी डब्यातून बाहेर काढला. बाहेरच्या खोलीत, दारातून आत आलं की समोर दिसतो अशा फळीवर ठेवला आहे, वाटीसकट, पाचाचा आकडा वर. येणाऱ्याचा हात आपोआप तो सरळ करायला जातो. परवा पोस्टमन पाणी प्यायला आत आला, त्यानेही हात पुढे केला. मी म्हटलं, राहू द्या, तो तसाच असतो. माझा मुलगा रोज बघायचा त्याच्याकडे.

तुझे भाऊजी